गोरखचं बाळसं

त्या दुष्काळात मिरजगावच्या पंचक्रोशीत माणसांच्या अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. पुरुषांचे गाल आत गेले होते. बाया पाटी उचलायला वाकल्या की चोळीच्या पाठीतून मणका न् मणका दिसायचा. अशा गावात कडूबाईचा नातू मात्र गुबगुबीत होता. गोरख दोन वर्षांचा होत आला होता. गाल सुटलेले, डोळे त्या गालांत बुडालेले, मनगटाला वळी, पोट पुढं आलेलं, पावलं तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली. कडूबाई त्याला सकाळीच ओट्यावर आणून बसवायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा.

"काय घालतीस गं खायला एवढं?" शेजारची लंकाबाई विचारायची.

"साबुदाना. दुसरं काय." कडूबाई हातानं माशी वारल्यासारखं करायची. "आपन रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खातो, ती लेकराला पचंल का? त्याला दोन्ही टायमाला साबुदान्याची खीर आन् वरनं गुळाचं पानी. हातातली पाटली मोडली मी, पन नातवाला उपाशी ठिवला न्हाई."

यात खोटं काहीच नव्हतं. पाटली खरंच मोडली होती. साबुदाणा निवडून, भिजवून, पाण्यात रटरट शिजवून, बोटानं गरम-गार बघूनच ती नातवाच्या तोंडाला लावायची.

आत चुलीपाशी बसलेली भागिरथी हे सगळं रोज ऐकायची. ती गोरखची आई. तिला जे दिसत होतं ते ओट्यावर दिसत नव्हतं. गोरख रडत नव्हता. मूल रडत नाही म्हणून बाया त्याला गुणी म्हणायच्या, आणि भागिरथीला त्या गुणीपणाचंच भय वाटायचं. चार-पाच महिन्यांपूर्वी हेच पोर शेजारच्या कोंबडीच्या पिलांमागं धावत होतं. आता जिथं ठेवावं तिथं ते ठेवलेल्या गाठोड्यासारखं बसायचं. काळेभोर केस वाळल्या गवताच्या रंगाचे झाले होते आणि फणीत पुंजक्यानं यायचे. मांड्यांवरची कातडी काळपट पडून जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी सुटत होती.

"आत्या, ह्याचे केस बघा की. तांबडे पडल्यात."

"तुज्या माहेरची समदीच तांबड्या केसांची," सासू म्हणायची, आणि बोलणं तिथंच संपायचं.

हे सुरू झालं भागिरथीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हापासून. पोटुशी बाईचं दूध नासतं, ते अंगावरच्या लेकराला बाधतं, ही त्या भागात कुणी कुणाला शिकवावी लागत नाही अशी समजूत. कडूबाईनं कडुलिंबाचा पाला वाटून सुनेच्या छातीला फासला. गोरख दोन दिवस तोंड वाकडं करून किंचाळला, तिसऱ्या दिवशी गप्प झाला. गाय असती तर तिचं दूध मिळालं असतं. पण नवरा कानिफनाथ गाय आणि बैल घेऊन श्रीगोंद्याकडच्या छावणीवर गेला होता. डाळ लेकराला जड, शेंगदाण्यानं खोकला होतो, अंड्याला तर त्या घरात बंदी. राहिला साबुदाणा.

आणि सुकडी होती.

गावाबाहेर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. सगळं गाव तिथं माती वाहायला जायचं, त्यात चार बैलांची शेती असलेल्या घरची भागिरथीही होती. दुपारी तिथं सुकडी वाटली जायची. गव्हाचं पीठ, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, दुधाची भुकटी, गूळ आणि तेल असा तो भाजका, कोरडा, खमंग भुगा असायचा. वाटायला मुकादमानं रतनबाईला नेमलं होतं. रतनबाईचं घर बौद्धवाड्यात. एवढं कडूबाईला पुरेसं होतं.

"तिच्या हातचं माज्या नातवाच्या तोंडात गेलं," तिनं सुनेला बजावलं होतं, "तर त्या तोंडानं पुन्ना आज्जी म्हनायचं न्हाई. तू खा. तू कामावर जातीस, तुला इलाज न्हाई. घरात आनायची न्हाई."

भागिरथी खायची. रतनबाईचा पोरगा सूर्यभान गोरखच्याच वयाचा. काडीसारखे हातपाय, फासळ्या उघड्या, पण दिवसभर मातीच्या ढिगावर चढायचा, घसरायचा, शिव्या खायचा आणि ओंजळभर सुकडी खाऊन पुन्हा चढायचा. भागिरथी त्याच्याकडं बघत राहायची. बघितल्याचं कुणाला कळू नये म्हणून पाटी उचलायची.

संक्रांतीनंतर तालुक्याच्या कुठल्याशा महिला मंडळानं गावात गुटगुटीत बालकांची स्पर्धा ठेवली. दुष्काळात असली स्पर्धा कुणाला सुचली, हे देव जाणे. पण गाडीतून आलेल्या बायांनी शाळेच्या पटांगणात कागदाच्या पताका लावल्या आणि रेशन दुकानाचा काटा मागवून घेतला. लेकरं टोपल्यात घालून एकामागं एक तोलली जाऊ लागली. सूर्यभानला टोपल्यात बसवलं तेव्हा पारडं जागचं हललं नाही, आणि कुणीतरी म्हणालं, "टोपलंच जड हाय, पोरगं उतरून ठिवा." सगळे हसले. रतनबाईही हसली, कारण न हसून काय करणार.

गोरखला तोललं तेव्हा पारडं खाली टेकलं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी त्याला दोन्ही हातांनी उचलून लोकांना दाखवलं. "बघा, मनात असलं की दुष्काळातही बाळ कसं वाढवता येतं. या आजींकडून सगळ्यांनी शिकावं." स्टीलची वाटी आणि चमचा कडूबाईच्या हातात दिला. गोरख त्या परक्या बाईच्या हातात न रडता, न हसता लोंबत राहिला.

त्याच वेळी नर्स विमलबाई आल्या. आठवड्यातून एकदा त्या गावात यायच्या. त्यांनी येताच पोराकडं बघितलं, जवळ गेल्या, आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथं खड्डा पडला होता. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा. तो भरून येईना.

"हे बाळसं नाही," विमलबाई म्हणाल्या. "ही सूज आहे. मूल उपाशी आहे."

पटांगणात मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, कार्यक्रमाचा विरस करू नका." पण कडूबाईनं ते हसणं ऐकलं होतं.

"उपाशी?" ती म्हणाली. "माज्या घरात? नर्सबाई, तुमाला सोताचं लेकरू हाय का एक तरी?"

विमलबाईंना नव्हतं. ते गावाला ठाऊक होतं. त्या खाली बघून पिशवीचा बंद आवळू लागल्या. कडूबाईनं नातू काखेला मारला, वाटी-चमचा ओच्यात घातला आणि ती ताठ मानेनं घरी निघाली.

भागिरथी मागं राहिली. पाणी प्यायचं निमित्त करून ती शाळेच्या रांजणापाशी थांबली. विमलबाई तिथं येताच तिनं पदर तोंडाशी धरून विचारलं, "बाई, दोन येळ खातोय तो. मग उपाशी कसा?"

विमलबाई चिडल्या नव्हत्या. त्या रांजणाच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी तिलाही बसवलं. "तू तलावावर जातेस ना? बांधाच्या पोटात काय भरता?"

"काळी माती. चोपून चोपून."

"आणि नुसता मुरूम भरला तर?"

"पानी झिरपंल. खालच्या रानात दलदल हुईल."

"बरोबर. आता ऐक. आपण खातो त्यात मुख्य तीन गोष्टी. एक पिष्ट. ज्वारी, गहू, साबुदाणा यात ते असतं. पोटात त्याची साखर होते आणि ती जळते. ते सरपण. दुसरं तेल-तूप. तेही सरपणच, पण साठवणीचं. गरज पडली की अंग ते काढून जाळतं. तिसरी म्हणजे प्रथिनं. ती डाळीत, दुधात, अंड्यात, शेंगदाण्यात. त्यांनी अंग बांधलं जातं. मांस, केस, कातडी, सगळं त्यांचंच. सरपणाची कितीही मोळी आणली तरी तिची भिंत होत नाही. साबुदाणा म्हणजे नुसतं सरपण."

"मग ही सूज?"

"रक्तातही प्रथिनं असतात. ती रक्तातलं पाणी धरून ठेवतात, तुमच्या बांधातल्या काळ्या मातीसारखं. ती संपली की पाणी झिरपून मांसात येतं. तुझ्या पोराच्या अंगात दलदल झालीय. आणि पोट का मोठं? बरगडीखालच्या यकृतात चरबी साचलीय. तिथून चरबी वाहून न्यायची गाडीसुद्धा प्रथिनांचीच असते. गाडी नाही, म्हणून माल पडून आहे."

भागिरथीला सगळं कळलं असं नाही, पण बांध कळला. रोज डोक्यावरून तीच माती ती वाहत होती.

"सुकडी दे," विमलबाई म्हणाल्या. "कोमट पाण्यात पातळ कालवून. एकदम पोटभर नको, त्याची आतडी थकलीत. चमच्याचमच्यानं, दिवसातून पुष्कळदा. दुधाची भुकटी मी रतनबाईकडं ठेवते. आणि एक सांगते, ते विसरू नकोस. सुधारायला लागला की तो आधी वाळेल. सूज लघवीवाटे जाईल आणि खालची हाडं दिसतील. लोक घाबरतील. तू घाबरू नकोस. त्यानंतर महिना-दीड महिन्यानं खरं मांस धरेल."

संधी लगेच आली. पारनेरकडं दिलेल्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि कडूबाईला जावं लागलं. जाताना ती साबुदाण्याची पुडी सुनेच्या हातात ठेवून म्हणाली, "माज्या माघारी माज्या नातवाला कमी पडू देऊ नको." तिचे डोळे भरले होते. गोरखच्या कपाळाला तीट लावूनच तिनं एस.टी. गाठली.

दुसऱ्या दिवसापासून भागिरथी पोराला पाठीशी बांधून कामावर नेऊ लागली. बाभळीच्या सावलीत रतनबाई सुकडी चाळून, भुकटी घालून पातळ कालवायची.

"घाई करू नका, वैनी," ती म्हणायची. "एक चमचा गिळू द्या. मग दुसरा."

पहिले काही दिवस गोरख तोंडातलं ओठाच्या कडेनं बाहेर सोडायचा. मग गिळू लागला. मग एका सकाळी भागिरथीनं त्याच्या अंगाखालची गोधडी उचलली तर ती पिळून काढावी इतकी ओली होती. त्या दिवसापासून पाणी जाऊ लागलं. पावलांवरच्या शिरा दिसू लागल्या. डोळे गालांतून वर आले. त्याच वेळी मांड्या गळाल्या, कुल्ल्यांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली, फासळ्या उमटल्या. गोरख म्हाताऱ्या माणसासारखा दिसू लागला.

आणि तो रडला. सूर्यभाननं त्याच्या पुढ्यातला खडा उचलला म्हणून तो भोकाड पसरून रडला. भागिरथी पाटी टाकून धावत आली आणि पोराला उचलायचं सोडून त्याचं रडणं ऐकत उभी राहिली.

"आता वाचला हो," रतनबाई म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात कडूबाई परत आली. लेकीला मुलगा झाला होता. ओटीभर डिंकाचे लाडू आणि ओठांवर हसू घेऊन ती दारात आली. गोरख उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी चमचा वाटीवर आपटत होता. कडूबाईनं त्याला आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. हातातली पिशवी खाली पडली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की आळी गोळा झाली.

"काय केलं गं ह्याचं? काय घातलंस माज्या लेकराला?"

"आत्या, सूज उतरली त्याची. नर्सबाई म्हनल्याच हुत्या, आदी वाळंल म्हनून. बघा, खेळतोय की. आता रडतोय बी."

"रडंल न्हाई तर काय? हाडं टोचत असत्याल त्याची." कडूबाईनं पोराचं झबलं वर करून फासळ्या लोकांना दाखवल्या. "पैल्या नंबराचं पोर हुतं. समद्या गावानं तोललं हुतं. बघा, बघा काय झालं."

आणि लोकांनी बघितलं. त्यांच्या डोळ्यांना जे दिसत होतं त्यात संशयाला जागाच नव्हती. आजीच्या हाती गुबगुबीत असलेलं पोर आईच्या हाती हाडांचा सापळा झालं होतं. लंकाबाई म्हणाली, "सोताच खात असंल त्याच्या वाटचं. पोटुशी बाईला भूक लई." दुसरी म्हणाली, "त्या रतनीकडं नेत हुती म्हनं रोज. ह्याच्या वाटचं तिच्या पोराच्या पोटात गेलं असंल."

तेवढ्यानं सारं ठरलं. कुणीतरी मुकादमाकडं गेलं आणि रतनबाईच्या हातातलं सुकडीचं माप दुसऱ्या बाईकडं गेलं. विमलबाई पुढच्या फेरीला आल्या तेव्हा कडूबाईनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "वांझेची नजर नको आमाला." विमलबाई ओट्याखालूनच पुढच्या गावाला गेल्या.

भागिरथीची आशा आता एकट्या कानिफनाथवर होती. तो निरोप मिळताच छावणीवरून आला. तिनं त्याला परसात गाठून सगळं सांगितलं. बांध, मुरूम, काळी माती, साचलेली चरबी. घाईनं सांगताना शब्द मागंपुढं होत होते. त्यानं मध्येच थांबवलं नाही. तो वाईट माणूस नव्हता.

"मी गेलो तवा पोरगं भरलेलं हुतं," तो शेवटी म्हणाला. "आता उचललं तर वजनच न्हाई. मी गुरं बघतो रोज, भागिरथी. जे वाळत जातं ते मरतं. वाळून कुनी बरं झालेलं मी अजून बघितलं न्हाई."

"अजून एक महिना. एवढाच."

"आई म्हनती तसं कर." आणि दुसऱ्या दिवशी तो बैलांकडं परत गेला.

गोरख आता कडूबाईच्या खोलीत निजू लागला. भागिरथी कामावर जाताना आतून कडी लागायची. साबुदाण्याची खीर पुन्हा सुरू झाली, या वेळी तिप्पट मायेनं. कडूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत, गाणं म्हणत, वाटीतला शेवटचा दाणाही त्याच्या पोटात घालायची. गोरख आधी सुकडीसाठी रडायचा, भिंतीकडं हात करायचा. मग हात करायचं सोडलं. मग रडायचंही सोडलं.

चैत्र लागला तेव्हा त्याचे गाल वर आले होते. पावलं फुगली. मनगटाला वळी पडली.

"या, बघा आता," कडूबाई ओट्यावरून आळीला सांगू लागली. "माज्या हातात आलं आन् अंग धरलं लेकरानं. जरा उशीर झाला असता तर गेलंच हुतं."

बायांनी येऊन त्याचे गाल कुस्करले. भागिरथी दारात उभी होती. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. गोरखच्या डोळ्यांकडं बघत होती, आणि ते डोळे पुन्हा गालांत बुडत चालले होते.

पुढच्या आठवड्यात त्याला हगवण लागली. दुसरं एखादं पोर असल्या हगवणीतून उठलं असतं. याच्या अंगात रोगाशी झुंजायलाही काही बांधलेलं नव्हतं. भर दुपारी, आजीच्या मांडीवर, तोंडात खिरीचा घास तसाच ठेवून तो गेला. भागिरथी तेव्हा तलावावर माती वाहत होती. तिला बोलवायला आलेल्या माणसानं पाटी तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली.

संध्याकाळपर्यंत घर बायांनी भरलं. कडूबाई जमिनीला कपाळ घासत रडत होती आणि ते रडणं अगदी खरं होतं. "माजा राजा खाऊनपिऊन गेला गं. मी त्याला उपाशी न्हाई जाऊ दिला. एक दिस न्हाई."

भागिरथी कोपऱ्यात बसली होती. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं आणि बाया तेही बघत होत्या. ती उठली, सासूच्या शेजारी येऊन बसली. कुणाला वाटलं, आता गळ्यात पडून रडेल. ती वाकून सासूच्या कानाशी शांतपणे म्हणाली, "आत्या, त्यो उपाशीच गेला. मी त्याला जगवला हुता, तुमी मारला."

कडूबाईचं रडणं तुटलं. तिनं सुनेकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडा वेळ तरी नव्हता. मग तिनं मान फिरवली आणि समोर बसलेल्या लंकाबाईचा हात धरला.

"तू सांग लंके. तू रोज बघत हुतीस. गालावर मांस हुतं का न्हाई?"

"हुतं की, बाई."

"उपाशी लेकरू असं दिसतं का?"

"न्हाई, बाई. कुठं दिसतंय."

कडूबाईनं दुसरीला विचारलं. मग तिसरीला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती उंबऱ्यातच धरून तेच विचारू लागली, आणि प्रत्येकजण आपल्या वाळक्या हातानं तिची पाठ थोपटत तेच उत्तर देऊ लागली. अंगणाच्या कडेला, उंबऱ्याबाहेर, रतनबाई येऊन उभी राहिली होती. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं.

कडूबाईची नजर तिच्यावर पडली. "तू बी सांग," ती म्हणाली. "तुज्या पोरासारखा दिसत हुता का माजा गोरख? दिसत हुता का उपाशी?"

सगळ्या बाया वळून बघू लागल्या. रतनबाईनं भागिरथीकडं बघितलं. सुकडीचं माप गेलं होतं, पण तलावावरची पाटी अजून हातात होती आणि मुकादम याच आळीचा होता.

"न्हाई, बाई," रतनबाई म्हणाली.